बारमाही कुंपण

दर रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला लांजेवार काकाजी आपल्याच घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत, आणि ते रस्त्यावरून दिसतात की नाही हे बघायला मला बाहेर पाठवत. माझ्या हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची झेंडी असे. कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेने चुना लावलेले चौदा दगड पुरलेले होते, त्यांवर गेरूने आकडे. पहिल्या दगडापाशी उभं राहून मी झेंडी वर केली की आतून आवाज यायचा,

“दिसून राहिलो काय गा?”

“नाही दिसत, काकाजी!”

“दुसरा दगड!”

दुसऱ्या दगडाशी मी वाकून, टाचा उंचावून, मान तिरकी करून बघायचो. “गुडघा दिसतो!”

“कोनता?”

“डावा!”

मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज. काकाजी उठून आतल्या बाजूने त्या जागी चुन्याचा ठिपका देत. पावसाळा लागला की त्या ठिपक्यापाशी नवीन रोप येई.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या त्या वस्तीत, हा प्रकार सगळ्यांना पाठ होता. पोट्टे सायकलवरून जाता जाता ओरडत, “काकाजी, टक्कल दिसून राहिलं!” काकाजी बसल्या जागेवरून उलट ओरडत, “तुह्या बापाचं पाह्य जाय!” त्यांचं नावच दिसतोकाका पडलं होतं. काकाजी गेल्याला आता तीन पावसाळे झाले. पण रविवारी आठ वाजले की माझा हात अजून दाराआडच्या झेंडीकडे जातो.

काकाजींची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. सरकारी मोजणीदार. साखळी ओढत, रानोमाळ हिंडत, भंडाऱ्याकडचं आणि चांद्याकडचं कुठलं शेत कुठे संपतं ते त्यांनी ठरवलं. दूर बांधावर एक माणूस झेंडी धरून उभा राहायचा आणि काकाजी अलीकडून ओरडायचे, “दिसते काय?” पेन्शन लागली तरी ते ओरडणं काही सुटलं नाही. फरक एवढाच, की पूर्वी दिसलं की काम झालं असं होतं, आता दिसलं नाही की काम झालं.

मी त्या घरी कसा आलो ते सांगायला हवं. मी वेंगुर्ल्याकडचा. वडील गेले तेव्हा सातवीत होतो. शाळा सुटली. पुढे गावातल्या एका गृहस्थांनी हिंगण्याच्या कारखान्यातल्या आपल्या मेव्हण्याला चिठ्ठी दिली आणि मी नागपूरच्या गाडीत बसलो. नागपूर किती लांब आहे हे मला कोणी आधी नकाशावर दाखवलं असतं, तर मी बहुधा निघालोच नसतो. उतरलो तो मे महिन्यात. वारा सुटला होता, पण तो चुलीच्या तोंडातून आल्यासारखा. रस्त्यालगतची निम्मी झाडं नुसत्या काड्या. आमच्याकडे एवढं झाड वाळलं की ते तोडतात. मला वाटलं, इथे काहीतरी साथ आलेली असावी.

पहिले आठ महिने कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा जण झोपायचो. मला तेव्हा सगळ्यांचीच भीती वाटे. कोणी नुसतं “ए” म्हटलं तरी आता आपल्याला काढून टाकलं असं वाटायचं. गेटवरच्या रखवालदारालासुद्धा मी ‘साहेब’ म्हणायचो. तो बिचारा मागे वळून बघायचा, कोण साहेब आला म्हणून.

जेवायला मी धोटेकाकूंच्या खानावळीत जात असे. काकू काकाजींच्या समोरच राहायच्या. त्यांनीच एकदा मला भाकरी वाढता वाढता सांगितलं, “त्या शेडमंदी मरून जाशीन रे तू. समोर खोली आहे रिकामी. पन मानूस थोडा येडा आहे बाप्पा, आधीच सांगतो. मंग मले म्हनू नको.”

काकाजींनी माझी मुलाखत फाटकात उभं राहूनच घेतली. सहा फुटांचा, वाळलेल्या बांबूसारखा माणूस. मी त्यांच्या छातीपर्यंत. कारखान्यात मला बुटकाच म्हणायचे.

“कोठचा?”

“कोकणातला.”

“तिकडं झाडाची पानं झडतात काय?”

नोकरी काय, जात काय, दारू पितो का, हे काही नाही. मी घाबरून खरं ते सांगितलं, “आमच्याकडे बहुतेक झाडं बाराही महिने हिरवी असतात.”

“बारमाही?” काकाजींनी फाटक उघडलं. “ये आत. डोये कसे आहेत?”

लांबच्या एका दगडावरचा आकडा त्यांनी मला वाचायला लावला. मी वाचला. मग अट सांगितली. खोली नावापुरत्या भाड्याने. त्याबदल्यात रविवारी झेंडी घेऊन फिरायचं. “कुंपन पुरं बंद झालं, चौदाही दगडांवरून काही दिसलं नाही, की तुह्यं काम संपलं. मंग खोली खाली करायची. आतमंदी मले कोनी नको. बाहेरचा डोया परवडला, आतला नाही परवडत.”

त्या दिवशी मी कुंपणाकडे पाहिलं. गुडघाभर, कमरेभर रोपं, मधे मोकळी जागाच जास्त. व्हरांडा तर सोडाच, स्वयंपाकघरातली परातसुद्धा रस्त्यावरून दिसत होती. मला फार बरं वाटलं. हे कुंपण काही माझ्या हयातीत बंद होत नाही, असं म्हणत मी ट्रंक आत आणली. दार लावता येईल अशी ती माझी पहिली खोली. त्या संध्याकाळी मी ते दार तीन वेळा उगाच उघडलं आणि लावलं.

काकाजींच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, पानझडी आणि बारमाही. ही विभागणी झाडांपुरती नव्हती. वर्ध्याला असलेला पुतण्या दिवाळीपुरता यायचा, तो पानझड्या. निवडणुकीपुरता हात जोडणारा पानझड्या. धोटेकाकू बारमाही. पोस्टमन बारमाही, पण “उन्हाळ्यात जरा पिवळा पडते.” माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, “अजून पाह्यलं नाही. एक दोन उन्हाळे जाऊ दे.”

नर्सरीवाल्याशी त्यांचं दरवर्षी भांडण. तो म्हणे गुलमोहर लावा, काकाजी म्हणत, “उन्हाळ्यात फुलं दाखवते अन् हिवाळ्यात हाडं.” तो म्हणे उंच अशोक लावा. “तो? खालून उघडा, वरून बंद. फेटा बांधला अन् धोतर विसरला!” शेवटी त्यांनी जे जमवलं ते असं. बाहेरून चिचबिलाई, म्हणजे विलायती चिंच, लावली होती, ती लेआउटमधल्या बकऱ्यांनी पहिल्याच वर्षी साफ केली. मग तिच्या जागी पिवळी कण्हेर. तिच्यामागे करंज, आणि कोपऱ्यांत बकुळ.

कण्हेर लावताना काकाजींनी मला एक पान तोडून दाखवलं. देठातून दुधासारखा पांढरा चीक आला. “पाह्य. विष आहे हे. बकरी हिच्याजवळ येते, वास घेते अन् निंघून जाते. मेली तरी तोंड नाही लावत. हात लावला की धुवाचा, समजलं? तसाच भाकरीले लावशीन तर सरळ धंतोलीच्या दवाखान्यात न्या लागन.” आणि तांब्याने माझ्या हातावर त्यांनी स्वतः पाणी घातलं.

पाण्याची अडचण मोठी. उन्हाळ्यात नळ करंगळीएवढा यायचा. म्हणून नियम असा, की अंघोळ न्हाणीत करायची नाही. रोज एका दगडासमोर, कुंपणाच्या आतल्या बाजूला फरशी ठेवून तिथे करायची, म्हणजे पाणी त्या रोपाला. सोमवारी पहिला दगड, मंगळवारी दुसरा. कुंपण विरळ, रस्ता वाहता, आणि बरोबर त्याच वेळी आमच्या कंपनीची बस जायची. मी साबणाने माखलेला उभा आणि बसमधून सगळी शिफ्ट हात हलवते आहे. कारखान्यात गेलो की विचारत, “काय बे बुटक्या, आज कोनता नंबर?”

मी एकदा धीर करून म्हणालो, “काकाजी, अंघोळ करताना मी दिसतो.”

“मंग?”

“सगळे बघतात.”

“तुले पाह्यून कोनाचं काय जाते?” काकाजींना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मग मला प्रश्न पडला, की हा माणूस स्वतःचं असं काय झाकतो आहे? लेआउटमध्ये निरनिराळी मतं होती. कोणी म्हणे मोजणीच्या वेळी कुठल्यातरी पडक्या किल्ल्यात हंडा सापडला. कोणी म्हणे काकाजी सरकारी साखळी घेऊन आले, ती लपवतात. मी धोटेकाकूंना विचारलं. काकू नेहमी भडाभडा बोलायच्या, त्या दिवशी पातेल्यातली डाळ ढवळत बसल्या.

“गिरजाबाईसाठी लावलं रे त्यानं,” त्या म्हणाल्या. “त्याची बायको. तोंडावर कोड होतं तिच्या, हातावर पन. हे लोक राहाले आले तवा एथं सारं मैदान. ना झाड, ना भिंत. पानी भराले जानाऱ्या बाया उभ्या राहून पाह्यत. मी पन पाह्यलं, खोटं काहून सांगू. तिनं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, दार बंद! हा म्हने, थांब वं, मी झाडाचं दार करतो, मंग तू वट्ट्यावर बस. जिथं त्याची खुर्ची असते ना, ती तिची जागा. तिनं म्हटलं होतं मी एथं बसीन.”

“मग?”

“मंग काय. झाडं गुडघ्याएवढी झाली अन् गेली ती. टायफाइड झाला.” काकूंनी माझ्या ताटात न मागता आणखी एक भाकरी टाकली. “त्याले मी म्हटलं, भाऊजी, आता कोनासाठी? तो म्हने, लाइन अर्धी टाकून सोडता येत नाही.”

त्यानंतर मी अंघोळीबद्दल कधी बोललो नाही.

कुंपण वाढत होतं तशी आत वस्ती वाढत होती. माणसांना जेवढी बंदी तेवढी पाखरांना मोकळीक. सातभाईंची एक टोळी करंजात उतरली. सकाळी पाचलाच त्यांचं भांडण सुरू व्हायचं. एक मुंगूस चौथ्या दगडाखालून ये-जा करू लागलं. खारी तर माझ्या खिडकीत बसून माझाच शेंगदाणा खात. भारद्वाजाच्या जोडीने नवव्या दगडासमोर, कण्हेर आणि करंज जिथे एकमेकांत गुंतले होते तिथे, घरटं केलं. त्या रविवारी काकाजींनी मला फाटकाशी थांबवलं आणि कुजबुजून सांगितलं, “नववा दगड सोडून दे. तेथं बायंतीन आहे.” पुढचे सहा आठवडे मी आठव्यावरून दबक्या पावलांनी दहाव्यावर जायचो आणि काकाजीही त्या वेळी हळू आवाजात ओरडायचे.

पाखरांना ते बिऱ्हाडकरू म्हणत. “तुह्यापेक्षा बरे,” मला सांगायचे. “आत कोन राहाते ते कोनाले सांगत नाहीत.”

त्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. आता कारखान्यातून काढतील, खोलीतून काढतील, आणि घरी आईला कोण कळवणार, या काळजीनेच मी जास्त आजारी पडलो. काकाजी दारात आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पिवया पडला.” मला वाटलं, झालं, मी पानझड्या ठरलो. ते गेले आणि सायकलरिक्षा घेऊन आले. धंतोलीच्या दवाखान्यात चार तास माझ्याशेजारी बाकावर बसले. नंतर महिनाभर सकाळ-संध्याकाळ ताक आणि मऊ भात. ठेवायचे उंबऱ्यात, आत यायचे नाहीत. भांडं घासून परत दिलं तर उलटंपालटं करून बघायचे. एकदा मला रडू आलं तर म्हणाले, “रडाचं असंल तर बाहेर जाऊन झाडापाशी रड. पानी वाया नको घालवू.”

अशा माणसाशी मी खोटं बोललो. दोन वर्षं, जवळजवळ दर रविवारी.

त्याचं असं झालं. चौथ्या वर्षी कण्हेर माझ्या डोक्यावरून गेली. दिसण्याच्या जागा कमी कमी होत पाच राहिल्या, तीन राहिल्या. त्या तीन राहिल्या तेव्हापासून माझी झोप उडाली. मला ती शेड आठवे. नवी खोली कुठे मिळणार, कोण देणार, आणि ताक-भात कोण ठेवणार? एका रविवारी मी सातव्या दगडाशी उभा राहिलो. समोर नुसतं हिरवं. मुंगीलासुद्धा आतलं दिसलं नसतं.

“दिसून राहिलो काय गा?”

माझ्या तोंडून निघालं, “दिसता!”

“काय दिसते?”

“कोपर!”

“कोनतं?”

“उजवं... थोडंसं!”

काकाजींनी ठिपका दिला. पावसाळ्यात तिथे नवीन करंज आला. पुढच्या आठवड्यात मी अकराव्यावरून कान पाहिला. मग चपलेचा अंगठा. मग टकलावरची चमक. ती तर मी फार खात्रीने सांगितली. प्रत्येक खोट्याला एक रोप. आणि मला कळायला वेळ लागला, की माझ्या खोट्यांनीच कुंपण दुहेरी झालं, मग तिहेरी झालं. मी जितकं खोटं बोलत होतो तितकी माझी खोली माझ्या हातून जात होती. न पाहिलेलं कोपर शोधायलाही आता कुठे फट उरली नाही. मी ‘सदऱ्याचा रंग दिसतो’ असलं काहीबाही सांगू लागलो. काकाजी “बरं” म्हणत आणि ठिपका देत.

मग तो मे आला. रोपाचा खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यायचा, पावसात रोप लावायचं, हा काकाजींचा शिरस्ता. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. मी पहिल्या शिफ्टवरून परत आलो तर बाराव्या दगडासमोर अर्धा खणलेला खड्डा, शेजारी पहार, आणि काकाजी करंजाला टेकून बसलेले. तोंड लाल, ओठ कोरडे, अंग तव्यासारखं. ऊन लागलं होतं. मी आणि धोटेकाकूंनी त्यांना आत नेलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पन्हं पाजलं, कांदा चोळला. काकू मला सारख्या बोलत होत्या, “एवढ्या उनात कोन खड्डा खनते? कोनी सांगितलं होतं त्याले?”

मी सांगितलं होतं. आदल्याच रविवारी बाराव्या दगडावरून मी त्यांचा डावा कान बघितला होता.

काकाजी आठवडाभराने उठून खुर्चीत बसले. रविवारी आठ वाजता झेंडी घेऊन मी बाहेर गेलो. पहिला दगड, नाही दिसत. दुसरा, नाही दिसत. बाराव्याशी थोडा वेळ थांबलो. तेरावा. चौदावा.

“नाही दिसत, काकाजी. कुठूनच नाही दिसत.”

आत खुर्ची करकरली. मग, “पुरी लाइन?”

“पुरी.”

“बरं,” काकाजी म्हणाले.

मी आत आलो तेव्हा ते खुर्चीत नव्हते. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी इतवारीकडे एका धर्मशाळेत चौकशी केली. भिंतीवरचा आईचा फोटो काढला, कपडे ट्रंकेत घातले, ट्रंकेला दोरी बांधली. काकाजी सकाळी कुंपणाच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आणि परत येत. ज्या कामात इतकी वर्षं गेली ते झालं होतं. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटत होतं. पण एवढं झाकलेलं घर, आणि आत तो एकटा उंच म्हातारा फेऱ्या मारतोय. सातभाईसुद्धा त्या दिवसांत गप्प होते, की मलाच ते ऐकू येत नव्हते, कोण जाणे.

रविवार आला. मी ट्रंक दारात ठेवली आणि नमस्कार करायला व्हरांड्यात गेलो. काकाजी खुर्चीत बसलेले.

“झेंडी कोठं आहे?”

“काकाजी, कुंपण तर बंद झालं. मी निघतो.”

“जाऊन पाह्य म्हनून राहिलो ना.”

मी झेंडी घेतली. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नुसती भिंत. अकराव्या दगडाशी आलो आणि थांबलो. कण्हेरीत एक गोल भोक होतं. ताटलीएवढं. त्याच्यामागे करंजातही, त्याच्या मागेही, सरळ एका रेषेत, मोजणीदाराने काढावं तसं. मला वाकावं लागलं नाही, टाचा उंचावाव्या लागल्या नाहीत. ते बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होतं. लेआउटमधला दुसरा कोणी त्या दगडाशी उभा राहिला असता तर त्याला ते छातीशी लागलं असतं.

त्यातून व्हरांडा दिसत होता. रोजची बंडी नव्हती. धुतलेला पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. उरलेल्या केसांना तेल लावून भांग पाडलेला. फोटो काढून घेताना माणूस बसतो तसे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काकाजी रस्त्याकडे बघत होते.

“दिसून राहिलो काय गा?”

नेहमीचा हुकमी आवाज नव्हता तो.

“दिसता, काकाजी.”

“पुरा?”

“पुरे दिसता.”

मी झेंडी खाली करायची विसरलो. मग ते म्हणाले, “मंग नाही झालं अजून काम.”

मी आत आलो. ट्रंक दारातून उचलून परत खाटेखाली सरकवली. काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, “बकरीनं खाल्लं असंल. लेआउटमंदी बकऱ्या माजल्या.”

त्यांच्या बोटांच्या पेरांवर चीक वाळून चिकटला होता.

मी तांब्या भरून आणला. “हात पुढे करा, काकाजी.”

“काहून?”

“चहा घ्यायचा आहे ना.”

त्यांनी हात पुढे केले. मी पाणी घातलं. ते एक एक बोट सावकाश चोळत होते, आणि पाणी पायरीवरून उतरून कण्हेरीच्या बुडाशी जात होतं.

“बकरीच असंल,” ते पुन्हा म्हणाले.

“बकरीच,” मी म्हणालो.